तोंडाची साक्ष, हाताची साक्ष

बीड जिल्ह्यात ख्रिस्ती माणसं थोडी. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 85 हजार होती आणि त्यात ख्रिस्ती लोकांचा वाटा एक टक्काही भरत नाही. मोठ्या शहरात चर्चची इमारत, मिशनची शाळा, जुनं इस्पितळ ख्रिस्ती समाजाच्या वतीनं बोलत असतं. आष्टी, पाटोदा किंवा माजलगावकडच्या एखाद्या एकट्यादुकट्या ख्रिस्ती घराच्या वतीनं बोलायला मात्र त्या घराचं वागणंच असतं. उसने पैसे घेतले तर परत कधी केले, मजुराला किती दिले, सून कशी वागवली, आजारी शेजाऱ्याकडे कोण गेलं, एवढ्यावरून गाव त्या घराच्या देवाची परीक्षा करतं. म्हणून साक्ष तोंडानं द्यायची की हातानं, हा मंडळीतला जुना वाद इथे जास्त जिव्हारी लागतो. तोच वाद मी पुढे दोन आवाजांत मांडला आहे. एक आवाज ज्येष्ठ पाळकाचा, दुसरा सरकारी दवाखान्यात नोकरी करणाऱ्या ख्रिस्ती परिचारिकेचा. दोन्ही माणसं कल्पिलेली आहेत, त्यांची मतं मात्र आपल्या मंडळ्यांत रोज भेटणारी आहेत. माझा कल परिचारिकेकडे आहे हे आधीच सांगतो. पण पाळकांच्या आक्षेपांना उत्तर दिल्याशिवाय असा कल बाळगण्याचा हक्क कुणालाच नाही.

पाळक : ताई, हल्ली तरुण मंडळी मला सांगतात, आम्ही बोलत नाही, करून दाखवतो. ऐकायला बरं वाटतं, पण मला त्यात तीन धोके दिसतात. पहिला असा, की पौलानं रोमच्या मंडळीला स्पष्ट लिहिलं आहे : विश्वास ऐकण्यानं येतो, आणि कुणी सांगितलंच नाही तर लोक ऐकणार कसे? मुक्या चांगुलपणातून लोकांना चांगुलपणा कळेल, ख्रिस्त कळणार नाही. दुसरा धोका कर्माच्या अभिमानाचा. वधस्तंभावर शेजारी टांगलेल्या चोराला एकही सत्कर्म करायला वेळ उरला नव्हता, तरी त्याला सुखलोकाचं वचन मिळालं. तारण कृपेनं मिळतं. आपण कामांची यादी करू लागलो की त्या कृपेवरचा भरवसा हळूहळू स्वतःवर येऊन बसतो. आणि तिसरा धोका इतिहासानं दाखवलेला आहे. मिशननं शाळा काढल्या, इस्पितळं काढली. लोक आले, शिकले, बरे झाले आणि आपापल्या घरी गेले. संस्था उरल्या, त्या ज्या विश्वासातून निघाल्या तो विश्वास कित्येक ठिकाणी फाटकावरच्या पाटीपुरता राहिला. हातांनी एवढं करून साक्ष कुठे पोहोचली, हे मला सांगा.

परिचारिका : पाळकसाहेब, पौलाचं म्हणणं मी नाकारत नाही. पण त्याच नव्या करारात याकोबाचंही पत्र आहे. उघड्या, उपाशी भावाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्या माणसाला तो विचारतो, अशा विश्वासाचा उपयोग काय? आणि मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा विचारतो ते अन्न, पाणी, कपडे, आजारपण आणि तुरुंग याबद्दलच विचारतो. त्या अध्यायातली मला सगळ्यांत विलक्षण वाटणारी गोष्ट ही, की ज्यांनी ते केलं त्यांना आपण कुणासाठी करतो आहोत हे ठाऊकसुद्धा नव्हतं. तुमचा अभिमानाचा धोका तिथेच संपतो. ज्याला आपण काही विशेष केल्याचं आठवतही नाही, तो अभिमान कशाचा धरणार? इतिहासाबद्दल म्हणाल, तर आपल्या शिवेवरचंच उदाहरण घेऊ या. पाटोद्याहून सौताडा ओलांडलं की जामखेड येतं. जिल्हा नगरचा, पण माती, दुष्काळ आणि माणसं आपलीच. तिथे 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. रजनीकांत राहुरीचे. मेबल जबलपूरच्या, आणि त्यांचे वडील धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात नव्या कराराच्या ग्रीक भाषेचे प्राध्यापक होते. म्हणजे शब्दाचं महत्त्व त्या घराला कुणी शिकवायची गरज नव्हती. दोघंही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, 1962 पासून काही वर्षं नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन इस्पितळात राबले. तिथे त्यांना दिसलं, की इस्पितळात येणारे बहुतेक आजार मुळात होऊ न देता येण्यासारखे आहेत. बरं झालेलं मूल त्याच पाण्याकडे, त्याच उपासमारीकडे परत जातं आणि पुन्हा आजारी होऊन येतं. तेव्हा ते सार्वजनिक आरोग्य शिकायला अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले, आणि परत आले ते थेट जामखेडला, गुरांच्या जुन्या दवाखान्यात.

पाळक : आरोळे दांपत्याबद्दल मलाही आदर आहे. 1979 मध्ये त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा आपल्या लोकांना केवढा अभिमान वाटला असेल. पण ताई, मी विचारतो ते वेगळंच आहे. त्यात ख्रिस्ती असं काय? आपल्याच जिल्ह्यात पालीला इन्फंट इंडिया एचआयव्हीग्रस्त मुलांना सांभाळते. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला शांतिवन ऊसतोड कामगारांच्या मुलांना शिकवतं. ती माणसं ख्रिस्ती नाहीत, आणि त्यांची सेवा आपल्याहून कमी नाही. सरकारसुद्धा लस देतं, विहिरी खोदतं. मग तुमच्या हाताची साक्ष नेमकी कुणाची? जे काम ख्रिस्ताशिवाय होऊ शकतं, ते ख्रिस्ताची साक्ष कसं ठरतं?

परिचारिका : चांगल्या कामावर आपली मक्तेदारी आहे असं प्रभूनंच कधी म्हटलं नाही. शेजारी कोण, असं विचारणाऱ्या शास्त्र्याला त्यानं उदाहरण दिलं ते याजकाचं नव्हे, लेव्याचं नव्हे. ज्याला यहुदी परका आणि धर्मभ्रष्ट मानत त्या शोमरोन्याचं दिलं. म्हणून पालीचं किंवा आर्वीचं काम पाहून माझा विश्वास डळमळत नाही. उलट आपण मागे पडलो तर लाज वाटावी असे ते शेजारी आहेत. पण काय केलं यापेक्षा कसं केलं, ते बघा. जामखेडला आधी शिकलेल्या परिचारिका गावागावांत पाठवायचा प्रयत्न झाला. त्या गावात राहायला तयार होईनात, आणि गावही त्यांचं ऐकेना. तेव्हा गावानं आपल्यातलीच एक बाई निवडावी, असं ठरलं. निवडलेल्या बायकांत कित्येक निरक्षर होत्या, दलित होत्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवायच्या, एकत्र मुक्काम करायच्या, आणि गर्भारपण, बाळंतपण, हगवण, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा हे शिकायच्या. डॉक्टरकी ही आपल्या धंद्याची पुंजी. ती डॉक्टरांनी उचलून अशा बायकांच्या हाती दिली. गुरूनं शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्यानं नेमकं हेच केलं होतं, वरची जागा सोडली होती. हातपंपाच्या विहिरी घ्यायची वेळ आली तेव्हा त्या दलित वस्तीत घेतल्या गेल्या. ज्या बायकांनी आयुष्यभर त्या वस्तीला पाणी वरून ओतून दिलं होतं, त्या घागर घेऊन त्याच वस्तीत आल्या. कुष्ठरोग्यांना वेगळ्या वसाहतीत न ठेवता इतर रोग्यांबरोबरच उपचार मिळू लागले. यात तुम्हाला शुभवर्तमान दिसत नसेल, तर ते आणखी कुठे दिसणार?

इथे मला संवादाच्या मध्ये येऊन थोडं बोलायचं आहे, कारण वादाचा गाभा इथेच आहे. परिचारिकेचं म्हणणं पुराव्यावर तपासून पाहता येतं. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे 1971 च्या सुमारास तिथल्या गावांत हजार जन्मांमागे 176 बाळं पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. पाच वर्षांत हा आकडा 52 वर आला आणि नव्वदच्या दशकात तो तीसच्याही खाली होता. त्या काळात देशभर बालमृत्यू कमी होत होते, त्यामुळे सगळं श्रेय एका प्रकल्पाला देता येणार नाही. पण 1972 च्या दुष्काळानं होरपळलेल्या मुलखात, पाच वर्षांत इतकी घट, आणि तीही प्रामुख्यानं न शिकलेल्या बायकांच्या हातून, ही गोष्ट जगाला दखल घ्यावी इतकी मोठी वाटली. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांच्या हाती असलेल्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होतं. तीन वर्षांनी अल्मा-आटाच्या परिषदेनं प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला. 2005 नंतर देशभर आलेल्या ‘आशा’ कार्यकर्तीच्या कल्पनेला ज्या जुन्या अनुभवांनी बळ दिलं, त्यांतही जामखेड आहे. मला यातून निघणारा निष्कर्ष असा दिसतो : दान देणारा माणूस चांगला असतो, पण दानानं घेणारा खालीच राहतो. जामखेडला ज्ञान, पाणी आणि मान यांची मालकीच बदलली. घेणाऱ्याला उभं करून देणाऱ्यानं बाजूला व्हायचं, ही कामाची रीत मला विश्वासाची खूण वाटते. तशी रीत इतर कुणी पाळली तर त्यात ख्रिस्ती माणसाला आनंदच वाटला पाहिजे. पण ख्रिस्ती माणसानं ती पाळली नाही, तर त्याच्या तोंडच्या साक्षीला आधार राहत नाही.

पाळक : बरं, ही रीत मी मान्य करतो. पण ताई, बाहेरच्या लोकांचा आक्षेप तुम्ही कसा टाळणार? ते म्हणतात, तुमची औषधं, तुमची शाळा, तुमचं धान्य म्हणजे आमिष आहे. ही आजची गोष्ट नव्हे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. 1893 मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून वाद पेटला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. म्हणजे न बोलता सेवा केली तरी संशय सुटत नाही, आणि बोलून केली तरी नाही. मग मी म्हणतो, संशय तर येणारच आहे, निदान सरळ बोलून तरी मोकळं व्हावं.

परिचारिका : संशयाचं उत्तर गप्प बसण्यात नाही आणि मोठ्यानं बोलण्यातही नाही, पाळकसाहेब. अट न घालण्यात आहे. रोग्याला औषध देताना त्यानं कुठली प्रार्थना करावी अशी अट घातली, उपाशी माणसाला उपासनेला येण्याच्या बोलीवर धान्य दिलं, तर लोक आमिष म्हणतील ते खरंच असेल, आणि त्यात ख्रिस्ताचाही अपमान होईल. प्रभूनं दहा कुष्ठरोगी बरे केले. आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी. उरलेल्या नऊ जणांचा आजार त्यानं परत पाठवला नाही. विनाअट देणं म्हणजे काय, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. रमाबाईंचं आयुष्यही एका बाजूनंच वाचू नका. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना हातांना काम शिकवलं, छापखाना चालवायला शिकवलं. आणि शेवटची कित्येक वर्षं त्याच बाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या होत्या. भाकरी आणि शब्द एकाच घरात, एकाच हातून. त्यांतलं एक निवडा असा हट्ट तुम्ही-आम्ही धरतो, त्यांनी धरला नाही.

पाळक : मग बोलायचं कधी? अट घालायची नाही, आग्रह धरायचा नाही, तर शुभवर्तमान सांगायची वेळ येणार केव्हा? नारायण वामन टिळकांचा विचार करा. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ते गप्प राहिले असते, तर आपल्या मराठी उपासनेला भजन कुठून मिळालं असतं? नगर भागातल्या मंडळ्यांनी त्यांच्या शब्दांवर विश्वास जोपासला आहे. शब्दाशिवाय हे झालंच नसतं.

परिचारिका : टिळकांचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार उभा करायचं ठरवलं. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा ख्रिस्ताच्या सगळ्या अनुयायांसाठी तो खुला असणार होता. ज्यानं आयुष्यभर शब्दांची सेवा केली त्यालाच शेवटी वाटलं, की पगारी प्रचारकाचा शब्द आणि फकिराचा शब्द लोक वेगवेगळ्या कानांनी ऐकतात. पेत्राच्या पहिल्या पत्रात या तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे : तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर सांगायला तयार राहा, आणि सांगताना नम्रपणे सांगा. त्यात आधी विचारणारा आहे. विचारावंसं वाटेल असं आपण जगलो, तर बोलायची वेळ रोजच येते. वॉर्डातली बाई रात्री दोन वाजता विचारते, सिस्टर, तुम्हाला कंटाळा येत नाही का? तेव्हा मी देवाचं नाव घेतलं तर ते तिच्यावर लादलं जात नाही, तिनं मागितलेलं उत्तर असतं.

पाळक : तुमचं म्हणणं मला पटत चाललं आहे, तरी एक भीती सांगतो. आरोळे, रमाबाई, टिळक ही मोठी माणसं. त्यांची नावं घेतली की मंडळीतला साधा माणूस सुटकेचा श्वास टाकतो. तो म्हणतो, ते थोर होते, आपल्याकडून ते होणार नाही. थोरांचं कौतुक हे न करण्याचं सोयीस्कर निमित्त होतं. गेवराईच्या दुकानात काम करणाऱ्याला, परळीच्या कारखान्यातल्या कामगाराला, धारूरच्या डोंगरातल्या शेतकऱ्याला तुमच्या जामखेडचा काय उपयोग?

परिचारिका : हा तुमचा सगळ्यांत खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर आपल्या जिल्ह्याच्या हिशेबाच्या वहीत आहे. दिवाळी झाली की आपल्या गावांतून टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आधीच उचल देतो, ती फिटेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळी, अंगावरून जाणं, पोटदुखी घेऊन फडात मोळ्या वाहणाऱ्या बाईला कुणी डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका, त्रास संपेल. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी आपल्या जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, आणि त्यांत तिशी-पस्तिशीच्या कितीतरी बायका होत्या. आता सांगा, हे पाप कुणा एका राक्षसाचं आहे का? खाडा लिहिणाऱ्या हाताचं, गरज नसताना शस्त्रक्रियेचा सल्ला देणाऱ्या हाताचं, सोनोग्राफीचा कागद न वाचता पुढे सरकवणाऱ्या हाताचं, आणि घरी बाईला विचारूनसुद्धा न बघणाऱ्या नवऱ्याचं, असं ते वाटलं गेलेलं आहे. आणि पाप जसं वाटलं जातं तशी साक्षही वाटता येते. माझ्या हातात एवढंच आहे, की समोर बसलेल्या बाईला मी शांतपणे सांगावं : ताई, घाई करू नका, गर्भाशय काढायची गरज आहे का ते दुसऱ्या डॉक्टरला विचारा, आधी औषधानं बघू या. या बोलण्याला पाच मिनिटं लागतात, आणि एखाद्या बाईचं पुढचं आयुष्य त्या पाच मिनिटांवर फिरतं. कुणी ख्रिस्ती माणूस मुकादम असेल, तर उचलीचा हिशेब त्यानं नवऱ्याबरोबर बायकोलाही वाचून दाखवावा आणि तिच्या आजारपणाचा खाडा लावू नये. शिक्षक असेल, तर हंगामी वसतिगृहातल्या पोराची रोजची हजेरी खरी लिहावी. शेतकरी असेल, तर वाटेनं जाणाऱ्या टोळीला विहिरीवर पाणी भरू द्यावं. यातल्या एकाही गोष्टीला मॅगसेसे मिळत नाही, आणि म्हणूनच ती तुमच्या-माझ्या वाट्याची आहे.

पाळक : ताई, ही कामं तुम्ही जगाकडे बोट दाखवून सांगता आहात. आपल्या घरात काय?

परिचारिका : तिथेच तर सगळ्यांत कठीण आहे. 2001 मध्ये आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या, 2011 मध्ये 807 उरल्या, राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांत कमी. हे पाप एका जातीचं किंवा एका धर्माचं नाही, आणि आपण त्यातून सुटलेले आहोत असं गृहीत धरायचा हक्कही आपल्याला नाही. ख्रिस्ती कुटुंबाच्या वारसाहक्काला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा आहे. तरी बाप गेल्यावर बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायला आपण निघतो, तेव्हा आपला विश्वास तहसीलच्या पायऱ्यांवर तपासला जातो. आणखी एक सांगते. मराठवाडा आणि नगरकडच्या मंडळ्यांतल्या पुष्कळ कुटुंबांचे पूर्वज महार आणि मांग समाजातून आले. आपल्या आजोबा-पणजोबांना वेशीबाहेरचं पाणी माहीत होतं. त्याच घरातल्या माणसानं आज पारध्याच्या पोराला उपासनेत मागच्या चटईवर बसवलं, तर मग शुभवर्तमान आपल्याकडे येऊन आपल्याजवळच थांबलं म्हणायचं.

पाळक : हे ऐकून मी गप्प बसतो, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहणार नाही. तुम्ही सांगता तसं रोज जगायचं तर माणूस थकतो. ज्याला मदत केली तोच उलटतो, ज्याच्यासाठी खरं बोललो त्यालाच ते नको असतं. मी कितीतरी चांगले कार्यकर्ते कडवट झालेले पाहिले आहेत. त्यांना काम होतं, प्रार्थना नव्हती. रविवारची उपासना, प्रभुभोजन, पवित्र शास्त्राचं वाचन हे तुमच्या कामाशेजारी ठेवायचं ओझं समजू नका. त्याशिवाय हात फार दिवस चालत नाहीत.

परिचारिका : यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही, पाळकसाहेब. इफिसकरांच्या पत्रात पौल आधी सांगतो की तारण कृपेनं आहे, कर्मांनी नाही, आणि लगेच पुढे सांगतो की देवानं आधीच तयार ठेवलेली सत्कर्मं करण्यासाठीच आपण घडवलेले आहोत. आपण दोघं एवढा वेळ भांडलो ती दोन वाक्यं त्या पत्रात शेजारी शेजारी आहेत. क्षमा मिळाली आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच उलटून बोलणाऱ्या रोग्याकडे पुन्हा हसून जाता येतं. ते बळ मला कुठून मिळतं, हे मी लपवत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे, की रविवारी ते घेतलं तर सोमवारी ते दिसलं पाहिजे.

संवाद इथे थांबवतो आणि माझं मत मांडतो. पाळकांचे आक्षेप खोटे नाहीत. कृपेचा विसर पडलेली सेवा अहंकारी होते, शब्दाशिवायची सेवा आपलं मूळ सांगू शकत नाही, आणि प्रार्थनेशिवायची सेवा थकते. पण हे तिन्ही आक्षेप सेवा कशी असावी हे सांगतात. सेवेऐवजी दुसरं काही असावं, असं त्यांतला एकही सांगत नाही. उलट शब्दाच्या बाजूनं विचार केला तरी हाताचं महत्त्व वाढतंच, कारण शब्द खरा आहे की नाही हे ऐकणारा वागण्यावरूनच ठरवतो. ख्रिस्ती समाज जिथे बहुसंख्य आहे तिथे मोठ्या उत्सवाच्या आडोशाला एखाद्याचं वागणं झाकून जाऊ शकतं. बीड जिल्ह्यात तसा आडोसाच नाही. म्हणून आपल्या मंडळ्यांनी वर्षाच्या अहवालात बाप्तिस्म्यांची आणि वर्गणीची नोंद करावीच, पण उपवासकाळात, जेव्हा टोळ्या परत येऊ लागतात, तेव्हा प्रत्येक कुटुंबानं स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत. यंदा आपल्या व्यवहारात कुणाची मजुरी अडकली? आपल्या घरातल्या कुठल्या बाईचा वाटा आपण तिला दिला, आणि कुणाचा ठेवून घेतला? आपल्याकडून मिळालेल्या मदतीनं कुणी स्वतःच्या पायावर उभं राहिलं, की आपल्याच दारात पुन्हा पुन्हा येत राहिलं? मदत घेणारा पुढे कधीतरी आपल्या बरोबरीनं बसला का? या प्रश्नांची उत्तरं मंडळीत वाचून दाखवायची गरज नाही, ती गावाला आधीच ठाऊक असतात. आणि गावाला ठाऊक असलेल्या त्या उत्तरांशी पाळकांचं प्रवचन जेवढं जुळेल, तेवढंच ते ऐकलं जाईल.